एकटीची कृती समिती

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे कॉटखाली असायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. बाकीची मुलं 'ज' जहाजाचा म्हणायची, मी 'ज' जाहीर निषेधाचा म्हणायचे. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असे: 'आपली नम्र, अमुक तमुक कृती समिती.' समिती नंतर जमायची, आधी पत्रक निघायचं. पुष्कळदा समिती म्हणजे वडील आणि कोपऱ्यावरचा चहावाला एवढेच असायचे. त्यात काही गैर आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. पत्रक म्हणजे हाक. हाक मारल्याशिवाय माणसं कशी जमणार?

ही सवय मी सामानाबरोबर जर्मनीला नेली आणि तिच्यापायी एका सज्जन माणसाची नोकरी जायची वेळ आली. त्याची ही हकीकत. तिच्यात मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. का, ते वाचता वाचता कळेल.

दोन हजार चारच्या शरद ऋतूत मी ड्रेस्डेनला कापड यंत्रांवर पीएच.डी. करायला गेले. शहरात मनासारखी खोली मिळेना, म्हणून एल्ब नदीच्या वरच्या अंगाला, एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकल गाडीने, पाऊण तासावर असलेल्या एका लहानशा गावात राहायला गेले. गाव म्हणजे नदी आणि डोंगर यांच्यामध्ये चेपून बसवलेली दोन रस्त्यांची वस्ती. एक बेकरी, एक औषधांचं दुकान, एक राटहाउस, म्हणजे नगरपालिकेची इमारत, आणि नदीवर एक धक्का. पूर्वी इथून वालुकाश्माचे चिरे होड्यांत भरून ड्रेस्डेनला जात. शहरातल्या कितीतरी इमारती आमच्या डोंगरातून निघाल्या, असं गावातली माणसं सांगत. आणि सांगताना जणू स्वतःच्या खांद्यावरून दगड वाहून आल्यासारखी खांदा चोळत.

बेकरीच्या कोपऱ्यावर भिंतीत आडव्या रेघा कोरल्या होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक पूर, आणि शेजारी त्याचं साल. दोन वर्षांपूर्वीच्या पुराची रेघ अजून पांढरीशुभ्र होती, माझ्या डोक्याच्या बरीच वर. बेकरीवाली बाई सकाळी पाव देताना त्या रेघेखाली उभी असायची. मला ते पाहून पहिल्या दिवशी धडकी भरली. तिने माझी नजर पाहिली आणि म्हणाली, "पाणी येतं, पाणी जातं. पाव सहा वाजता लागतातच."

माझी घरमालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मनात मी तिला आजी म्हणायचे. तिचा नवरा गावचा नावाडी होता. नदीच्या पलीकडे उतारावर एक जुनं चर्च, चार-पाच घरं आणि गावाची दफनभूमी होती. आपल्या बाजूला सारखा पूर येतो, म्हणून मेलेली माणसं आधीपासून पलीकडे. "जिवंतपणी पाय भिजले ते भिजले," आजी म्हणायची. "मेल्यावर तरी कोरडे राहू द्या." नवरा तिथेच होता. दर बुधवारी आणि रविवारी ती एका हातात झारी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन धक्क्यावर जायची, खांबाला टांगलेली घंटा वाजवायची आणि छोटी मोटारबोट पलीकडून तिला न्यायला यायची. रविवारी मी बरोबर असले की झारी माझ्याकडे. बोटीवरचा आताचा नावाडी पन्नाशीचा होता. तिच्या नवऱ्याच्या हाताखालीच तो शिकला होता. पूल पुढच्या गावात होता; तिथून फिरून जायचं तर दोन बस बदलायच्या आणि मग चढ चढायचा. आजीच्या गुडघ्यांना तो चढ जमणार नव्हता. म्हणजे बोट होती तोवर नवरा नदीपलीकडे होता. बोट गेली की तो खरोखरच गेला, असं तिचं गणित होतं. हे तिने मला कधी सांगितलं नाही. झारी उचलताना तिचा चेहरा पाहिला की कळायचं.

आल्या आल्याच माझ्याकडे आणखी एक काम आलं. गावाचं इंग्लंडमधल्या एका नदीकाठच्या लहान गावाशी नातं जोडलेलं होतं. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडच्या गावांनी अशी नाती जोडली, तसं यांनीही. पण इथल्या मोठ्या माणसांना शाळेत रशियन शिकवलेली, इंग्रजी कुणाला धड येईना. त्या इंग्रज गावाने आपल्या इतिहासाची एक पुस्तिका पाठवली होती. मे महिन्यात त्यांचे पाहुणे येणार होते. इतिहास मंडळ चालवणारे एक निवृत्त मास्तर पुस्तिका घेऊन आमच्या दारात आले. "तुम्ही भारतीय, म्हणजे इंग्रजी येणारच," ते म्हणाले. वसाहतवादावर मला तिथल्या तिथे भाषण द्यावंसं वाटलं. पण ते बिचारे टोपी हातात धरून उभे होते. मी पुस्तिका घेतली.

मग संध्याकाळी जेवणानंतर मी स्वयंपाकघरात बसून आजीला पुस्तिका वाचून दाखवायचे, आणि तिला आवडलं ते आधी जर्मनमध्ये उतरवायचे. संथ नदीच्या वळणावर वसलेलं गाव. खांबांवर उभा असलेला टाऊन हॉल आणि त्याच्या पोटाखाली भरणारा बाजार. पाणचक्क्या, बिअरसाठी सातू भिजवायच्या लांबलचक वखारी, पाण्याची पातळी सांभाळणारा दरवाजेवाला. नदीकाठी वाळुंजाच्या फांद्या कापून टोपल्या विणणाऱ्या बायका. दोरी बांधून वेगळ्या केलेल्या पाण्यात पोहायला शिकणारी शाळेची मुलं. एका हिवाळ्यात नदी इतकी गोठली की लोकांनी बर्फावरच मेंढा भाजला.

"मूर्ख," आजी म्हणाली. "विस्तवाखालचं बर्फ वितळलं असतं म्हणजे?"

"नाही वितळलं, असं लिहिलंय."

"इंग्रजांचं नशीब."

तिथल्या दारूच्या गुत्त्याच्या भिंतीवरही पुराच्या रेघा आहेत, हे कळल्यावर तिचं त्या गावाशी जमलं. "म्हणजे तेही आपल्यासारखेच. बुडतात आणि वर लिहून ठेवतात."

पुस्तिकेत एका जुन्या कागदाचा फोटो होता. गावच्या नावाड्यांनी एका गिरणीमालकाकडे केलेला अर्ज. गिरणीच्या बांधामुळे त्यांची वाट अडत होती. कागदाच्या मधोमध चार ओळींचं मागणं आणि त्याभोवती नावं गोलात लिहिलेली, चाकाच्या आऱ्यांसारखी. खाली खुलासा होता: पहिलं नाव कुणाचं ते मालकाला कळू नये म्हणून. पहिल्याला पकडलं की बाकीचे आपोआप गप्प बसतात, हे जगातल्या सगळ्या मालकांना ठाऊक असतं. मी फार खूश झाले. आजी चष्मा लावून त्या फोटोकडे खूप वेळ बघत राहिली.

ऑक्टोबरच्या अखेरीस राटहाउसच्या फलकावर सूचना लागली: वर्षअखेर बोट बंद करण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेपुढे येणार आहे. पुरात धक्का खचला होता, बोट जुनी झाली होती, उतारू कमी. त्याच आठवड्यात नावाडी आमच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला आला होता. तो आजीला म्हणाला, "बोटीसाठी नवं इंजिन कधीच आलंय. नगरपालिकेच्या गोदामात खोक्यात पडून आहे. बसवायचा हुकूमच कुणी देत नाही." मी शेजारी भांडी पुसत होते. माझे कान तापले. आमच्या इचलकरंजीत याला कट म्हणतात.

त्या रविवारी अभ्यासाचं निमित्त काढून मी आजीला एकटीलाच पलीकडे जाऊ दिलं, बसले आणि पत्रक लिहिलं. असं पत्रक की वडिलांनी वाचलं असतं तर टाळी दिली असती. 'बोट बंद पाडणाऱ्यांना जाब विचारा!' गोदामातल्या खोक्यातलं इंजिन ठळक अक्षरात. नगराध्यक्षबाईंना मी जनतेचा शत्रू म्हटलं. मला येणारा तो सगळ्यात कडक जर्मन शब्द होता. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याकडून भाषा तपासून घेतली. हे खरंच वाटायचं आहे, असं मी त्याला सांगितलं नव्हतं. तळाशी लिहिलं: फेरीबोट बचाव कृती समिती. ड्रेस्डेनच्या एका दुकानात पिवळ्या कागदावर दीडशे प्रती काढल्या आणि शनिवारी सकाळी सगळ्या गावाच्या टपालपेट्यांत टाकल्या. बऱ्याच पेट्यांवर 'जाहिरात नको' अशी चिठ्ठी होती. आमची जाहिरात थोडीच होती?

माझ्या गावात पत्रक वाटलं की तासाभरात चौकात घोळका जमतो. कुणी शिव्या देतं, कुणी टाळ्या. इथे काहीच झालं नाही. कुणी रस्त्यावर थांबलं नाही, कुणी कुणाशी बोललं नाही. एकमेकांना भेटली की माणसं नेहमीपेक्षा लवकर 'गुटन टाग' म्हणून पुढे जात होती. सोमवारी सकाळी बेकरीवालीने मला पावांच्या पिशवीबरोबर एक चौपदरी घडी घातलेला पिवळा कागद दिला. "हे काचेवर चिकटवलेलं होतं," ती म्हणाली. "मी काचेवर असलं काही ठेवत नाही. तुम्हाला कुठे टाकायचा तर टाका." तिला माझा संशय होता की मी पुढची गिऱ्हाईक होते म्हणून दिला, मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तर आजी बटाटे सोलत होती.

"आज त्याला राटहाउसमध्ये बोलावलं होतं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? नावाड्याला. गोदामातल्या इंजिनाचं त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक? नगरपालिकेचा नोकर, आणि नगरपालिकेविरुद्ध कागद वाटतो, म्हणतात. डिसेंबरात त्याचा करार संपतो. बोट राहिली तरी तो राहील असं दिसत नाही."

"पण त्याने नाही..."

"नू," आजी म्हणाली. त्या भागात 'हो'ला 'नू' म्हणतात आणि पोरीला 'मेडेल'. "त्याने नाही. तुझ्या पलंगाखाली उरलेले पिवळे कागद आहेत. शनिवारी केर मी काढते, मेडेल."

मी खुर्चीवर बसले. ती सोलत राहिली.

"त्याने सांगितलं का, की हे तो इथे बोलला होता? या घरात?"

"तो कसा सांगेल? मग माझं नाव आलं असतं. तुझंही." तिने एक बटाटा पाण्यात टाकला. "म्हणाला, मी लिहिलेलं नाही, बाकी मला काही सांगायचं नाही."

मग तिने मला तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, सालं काढता काढता. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत कुणीतरी त्याच्याविरुद्ध कागद लिहिला होता: बोटीवर विनोद सांगतो, उतारू हसतात. खाली नाव नव्हतं. त्याला दोन वर्षं बोटीवरून काढून कागदाच्या गिरणीत लगदा ढवळायला ठेवलं. दोन वर्षं तो रोज सकाळी गिरणीत जाताना धक्क्यावर थांबून दुसऱ्या माणसाच्या हातातली आपली बोट बघायचा.

"बर्लिनची भिंत पडल्यावर गुप्त पोलिसांच्या फायली उघडल्या. जाऊन वाचता येतं, म्हणाले, कुणी लिहिलं ते कळेल. मी गेले नाही."

"का? मी असते तर पहिल्या दिवशी गेले असते."

"तू गेली असतीस." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "मला याच गावात पाव आणायचा असतो, मेडेल. त्याच माणसांत." पुढचा बटाटा उचलून म्हणाली, "इथे टपालपेटीत बिननावाचा कागद आला की माणसं आधी दार लावून घेतात. तुला कुठून माहीत असणार."

तिने मला एकदाही म्हटलं नाही की जा आणि सांग. ते म्हणाली असती तर मी वाद घातला असता. माझ्याकडे मुद्दे तयार होते. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज परदेशी लोकांच्या कार्यालयात तेव्हाच पडलेला होता, हा त्यातला पहिला. तत्त्वाच्या गोष्टी करणाऱ्या बाईला आपल्या भीतीचं केवढं सफाईदार समर्थन करता येतं, हे मला त्या दोन दिवसांत समजलं.

फोनचं कार्ड घेऊन मी वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"कृती समिती घातलंस खाली?"

"हो. तुम्ही घालता तसंच."

"तसंच नाही, पोरी." पलीकडून मागांचा खडखडाट ऐकू येत होता. "समिती कागदावर. पण पोलीस आले, मालकाची माणसं आली, की दारात मीच उभा असायचो. कुणी लिहिलं म्हणून विचारलं की मी म्हणायचो, मी. चहावाल्याचं नाव मी कधी येऊ दिलं नाही. तू लहान होतीस, आत झोपलेली असायचीस. एवढं तुला सांगायचं राहिलं बघ."

नगरपरिषदेची सभा नोव्हेंबरच्या मध्यावर होती. सुरुवातीला पंधरा मिनिटं रहिवाशांच्या प्रश्नांसाठी राखलेली. सभागृहात पंचवीसेक माणसं, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. नावाडी शेवटच्या बाकावर होता, अंगात कामाचंच जॅकेट. मी हात वर केला.

नगराध्यक्षबाई चाळिशीच्या, थकलेल्या डोळ्यांच्या. सकाळच्या एस-बानमध्ये त्या माझ्याच डब्यात असायच्या, हे मला तिथे उभी राहिल्यावर लक्षात आलं.

"नाव आणि पत्ता सांगा," त्या म्हणाल्या. सगळ्यांनाच सांगावं लागायचं.

मी सांगितलं. मग म्हटलं, "पिवळा कागद मी लिहिला. नावाड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. इंजिनाचं बोलणं मी चोरून ऐकलं."

खुर्च्या करकरल्या. कुणी तरी मागे वळून नावाड्याकडे पाहिलं.

"आणि समितीत आणखी कोण कोण आहे?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"म्हणजे अध्यक्षही तुम्हीच?"

"हो."

"सचिव?"

"तीही मीच."

मागून कुणी तरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "मी या गावात जन्मले," त्या म्हणाल्या. "माझे वडील आणि त्यांची आई पलीकडेच आहेत. मला तुम्ही जो शब्द वापरलात तो माझ्या वडिलांसाठीही एकदा वापरला गेला होता. छापून. तुम्हाला हे ठाऊक नसणार, पण आता ठाऊक झालं."

त्या शब्दाबद्दल माफी मागते, मी म्हटलं, मनापासून. बोटीबद्दल मागत नाही. बोट राहायला हवी. इंजिन गोदामात आहे हे खरं आहे.

"इंजिन गोदामात आहे," बाई म्हणाल्या, "कारण धक्का दुरुस्त झाल्याशिवाय ते बसवून उपयोग नाही. हे विचारायला कुणी माझ्याकडे आलं असतं तर मी सांगितलं असतं. पुढचा प्रश्न."

बस. बोटीचा निर्णय पुढच्या सभेवर ढकलला गेला. कुणी मला पकडलं नाही. व्हिसाच्या कार्यालयाला कुणी पत्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नावाड्याला तोंडी कळवण्यात आलं की त्याच्याबद्दलचा विषय संपला. सभेनंतर बाहेर पायऱ्यांवर तो माझी वाट बघत उभा होता. मी बोलायला तोंड उघडलं तर त्याने हाताने थांबवलं.

"इंजिन तू दुप्पट ताकदीचं लिहिलंस," तो म्हणाला. "तेवढ्या ताकदीने बोट चेक प्रजासत्ताकात जाऊन थांबेल. पुढच्या वेळी आधी मला विचार."

त्या माणसाने आठवडाभर माझ्याऐवजी ते सगळं सोसलं होतं. त्याबद्दल तो मला याहून जास्त कधीच काही बोलला नाही.

घरी आल्यावर आजीने टेबलावर ती इंग्रज गावाची पुस्तिका उघडून ठेवली होती. गोलातल्या नावांचं पान.

"हे करायचं," ती म्हणाली. "इथली माणसं यादीत नाव घालणार नाहीत. यादीला पहिलं नाव असतं आणि शेवटचं असतं, आणि कुणाकडे तरी ती कायमची राहते. गोलात घालतील कदाचित. पण मधला मजकूर तू लिहायचा नाहीस."

मी तरीही लिहिला. चाळीस ओळी. नावाड्याने त्या बोटीवर उभ्याने वाचल्या, खिशातून सुताराची पेन्सिल काढली आणि सगळं खोडून खाली एक ओळ लिहिली: आम्हाला पलीकडे जायचं असतं.

"बास?" मी म्हटलं.

"आणखी काय असतं?"

अॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी तिथे टोटेनझोनटाग असतो, मृतांचा रविवार. त्या दिवशी लोक थडग्यांवर फरच्या हिरव्या डहाळ्या पसरतात, हिवाळ्याचं पांघरूण घातल्यासारख्या. वर्षातल्या त्या एका दिवशी आमची बोट सकाळपासून भरून जायची. बेकरीवालीने वेष्टनाच्या जाड कागदाचा मोठा तुकडा दिला. आजीने मोठ्या पातेल्याचं झाकण त्यावर ठेवून पेन्सिलने गोल काढला. मधोमध ती ओळ. बोटीच्या बाकावर कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर आजीने चार दगड ठेवले, आणि मी पेन धरून उभी राहिले. हाक मारायची नाही, भाषण करायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. माझ्या आयुष्यात एवढी अवघड कामगिरी दुसरी नव्हती.

पहिल्या दोन फेऱ्यांत कुणी कागदाकडे पाहिलंही नाही. डहाळ्या मांडीवर घेऊन माणसं पाण्याकडे बघत बसली. तिसऱ्या फेरीत एक म्हातारा वाकून ती ओळ वाचू लागला. "गोल कशाला?" त्याने विचारलं.

"इंग्रजांकडून घेतलंय," आजी म्हणाली. "पहिला कोण ते कळत नाही."

म्हातारा हसला. "मग दे इकडे." आणि लिहून झाल्यावर आजीने कागद अर्धा फिरवला, म्हणजे पुढच्याने वेगळीकडे सुरुवात करावी. तसं ती दर वेळी करत राहिली. दुपारपर्यंत गोल भरला. मग बाहेर दुसरा गोल सुरू झाला. बेकरीवालीने नाव लिहिलं आणि पेन परत देताना माझ्या खांद्याला किंचित हात लावला. संध्याकाळच्या बोटीला फरच्या डहाळ्या घेऊन नगराध्यक्षबाई चढल्या. त्यांनी कागद वाचला, सही केली नाही, त्यांना करता येण्यासारखी नव्हती. पण पलीकडे उतरताना नावाड्याला म्हणाल्या, "सभेपर्यंत हा भिजवू नका."

बोट शेवटची फेरी करून धक्क्याला लागली तेव्हा आजीने पेन माझ्या हातात दिलं.

"माझं कशाला?" मी म्हटलं. "मी इथली नाही. माझं कुणी पलीकडे नाही."

नावाडी दोर बांधत होता. तो न वळताच म्हणाला, "दर रविवारी हिची झारी कोण वाहून नेतं?"

"मी."

"मग पलीकडे जातेस की नाही?"

"नू," मी म्हटलं, आणि दोन नावांच्या मधल्या फटीत माझं नाव लिहिलं. ते किती जणांच्या आधी किंवा नंतर आलं, सांगता येत नाही. मी आजवर ज्या कुठल्या कागदाखाली उभी राहिले, त्यातला तो मला सगळ्यात प्रिय आहे.

फेब्रुवारीत निर्णय झाला. धक्का दुरुस्त होईल, इंजिन बसेल, बोट राहील, पण फक्त बुधवारी, शनिवारी आणि रविवारी, आणि एप्रिलपासून मृतांच्या रविवारापर्यंतच. नावाडी बाकीचे दिवस नगरपालिकेचं दुसरं काम करेल. माझा संताप झाला. अर्धं दिलं म्हणजे काय दिलं? सगळं मागितलं होतं! मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते आणि आजी कॅलेंडरवर बुधवारांभोवती पेन्सिलने गोल करत होती.

"तो कुठे जात नाही," ती म्हणाली. "बुधवारी भेटेल. बस खाली."

एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. पुस्तिकेतल्या त्या इंग्रज नावाड्यांचा अर्ज गिरणीमालकाने फेटाळला होता. पुढच्याच पानावर लिहिलं होतं. मला ते आवडलं नाही म्हणून ते पान मी वाचताना गाळलं होतं, आणि पुढे तिचं अवसान जाऊ नये म्हणून सांगितलंही नव्हतं. पत्रकात नाव गाळलं तसं इथेही सोयीचं गाळणं. एप्रिलच्या पहिल्या बुधवारी मी प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. आम्ही दोघी धक्क्यावर उभ्या होतो. तिच्या पिशवीत पॅन्सीची जांभळी रोपं होती, माझ्या हातात झारी. तेव्हा मी तिला ते सांगून टाकलं.

"फेटाळला असणारच," आजी म्हणाली. "मंजूर झालेला कागद कुणी दोनशे वर्षं जपून ठेवतं का? त्याची मासळी गुंडाळतात."

मग तिने घंटेचा दोर माझ्या हातात दिला. आजवर ती स्वतःच वाजवायची. मी ओढला. पलीकडच्या काठावर नवं इंजिन एकदा खोकलं, पुन्हा खोकलं, आणि बोट आमच्याकडे निघाली. गोदामातल्या खोक्यातलं तेच ते, माझ्या पत्रकातल्यापेक्षा निम्म्या ताकदीचं.

"हळू येतोय," मी म्हटलं.

"येतोय ना," ती म्हणाली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे सरकली.